स्टाइनसाल्ट्स, आदिन एव्हन-इस्राएल

आदिन एव्हन-इस्राएल स्टाइनसाल्ट्स (११ जुलै १९३७ – ७ ऑगस्ट २०२०) हे इस्रायली रब्बी, तालमूद या ज्यू धर्मग्रंथाचे भाष्यकार आणि शिक्षणसंस्थांचे संस्थापक होते. रब्बी हा शब्द अनेकदा पुरोहित या अर्थाने घेतला जातो. वस्तुतः रब्बी म्हणजे धर्मशास्त्र शिकलेला, ते शिकवण्याचा आणि त्यानुसार निर्णय देण्याचा अधिकार असलेला विद्वान. स्टाइनसाल्ट्स यांच्या बाबतीत यातला शिकवण्याचा भाग इतर सर्व भूमिकांना व्यापून उरला. त्यांची कीर्ती ग्रंथकार म्हणून झाली असली, तरी त्यांचा सर्वांत मोठा ग्रंथही मुळात एका शिक्षकाने विद्यार्थ्याची अडचण ओळखून केलेली रचना आहे.

त्यांचा जन्म जेरूसलेममध्ये झाला. वडिलांच्या घराण्याचे नाते स्लोनिम येथील हासिदी, म्हणजे भक्तिप्रधान ज्यू पंथाच्या, गुरुपरंपरेशी होते, पण वडील अव्राहम हे स्वतः कडवे डावे होते आणि १९३६ मध्ये स्पेनच्या यादवी युद्धात आंतरराष्ट्रीय पथकांबरोबर लढायला गेले होते. घरात धर्माचरण नव्हते. तेराव्या वर्षीच्या बार मित्स्वा या संस्काराआधीच मुलाने मार्क्स, लेनिन आणि फ्रॉइड वाचले होते. तरीही वडिलांनी त्याला तालमूद शिकवण्यासाठी शिक्षक ठेवला. मुलगा नास्तिक निघाला तरी चालेल, पण अडाणी राहता कामा नये, असे त्यांचे म्हणणे होते. मुलगा पौगंडावस्थेत धर्माकडे वळला, आणि हे वळण आपखुशीचे होते. हिब्रू विद्यापीठात त्यांनी गणित, भौतिकशास्त्र आणि रसायनशास्त्र यांचा अभ्यास केला आणि लोद येथील हाबाद या हासिदी पंथाच्या येशिवात, म्हणजे धर्मपाठशाळेत, शास्त्राध्ययनही केले. पुढे त्यांनी प्रायोगिक शाळा उभारल्या आणि वयाच्या चोविसाव्या वर्षी ते इस्रायलमधील सर्वांत तरुण मुख्याध्यापक झाले. धर्मनिष्ठ घरातल्या मुलाला जे न शिकवता कळते, ते बाहेरून येणाऱ्याला कोणत्या शब्दापाशी अडखळवते, याची जाण त्यांना या स्वतःच्या प्रवासातून आली असावी.

बाबिलोनी तालमूदमध्ये मिश्ना ही इसवी सन २०० च्या सुमारास संकलित झालेली हिब्रू विधिसंहिता आणि तिच्यावरील गेमारा ही पुढील तीन-चार शतकांतील, बहुतांशी अरामाइक भाषेतील चर्चा, अशा दोन गोष्टी एकत्र आहेत. त्याची दोन्ही बाजूंनी छापलेली २,७११ पाने आहेत. त्यात कायदा, कथा, वैद्यक, शेती, स्वप्ने, बाजारातले तंटे असे सारे येते, आणि तेही निष्कर्षांच्या रूपात न येता वादाच्या रूपात येते. मूळ मजकुरात विरामचिन्हे नाहीत, स्वरचिन्हे नाहीत; प्रश्न कुठे संपला, उत्तर कुठे सुरू झाले आणि बोलणारा बदलला का, हे वाचकाने ओळखायचे असते. सोळाव्या शतकात व्हेनिसमध्ये दानिएल बोंबर्ग यांनी छापलेल्या आवृत्तीपासून पानाची मांडणी रूढ झाली आणि १८८० च्या दशकातील व्हिल्ना आवृत्तीने ती घट्ट केली: मधोमध मूळ संहिता, आतल्या बाजूला अकराव्या शतकातील फ्रेंच टीकाकार राशी यांचे भाष्य, बाहेरच्या बाजूला त्यांच्या नंतरच्या पिढ्यांतील पंडितांची तोसाफोत ही चिकित्सा. राशींचे भाष्य वेगळ्याच वळणाच्या अक्षरांत छापले जाते, म्हणजे नवख्याला आधी लिपीच शिकावी लागते. हे पान गुरूच्या शेजारी बसून वाचायचे आहे, असे परंपरेने गृहीत धरले होते. ज्याला गुरू नाही त्याला पान बंदच राहत असे.

१९६५ मध्ये तालमूदच्या प्रकाशनासाठी एक संस्था स्थापन करून स्टाइनसाल्ट्स यांनी हे पान उघडण्याचे काम हाती घेतले. ‘बेराखोत’ हा पहिला खंड १९६७ मध्ये आला. त्यांनी संहितेला स्वरचिन्हे आणि विरामचिन्हे दिली आणि राशींचे भाष्य नेहमीच्या चौकोनी हिब्रू अक्षरांत आणले. अरामाइक मजकुराचे आधुनिक हिब्रूत भाषांतर करताना त्यांनी त्यात स्वतःचे विवरण असे गुंफले, की तुटक वाक्ये जोडली जाऊन वादाचा ओघ कळावा. पानाच्या कडेला शब्दार्थ, पंडितांची चरित्रे, त्या काळातील वनस्पती, अवजारे आणि घरे यांविषयीच्या टिपा आणि प्रत्यक्ष आचरणात कोणते मत ग्राह्य धरले गेले याची नोंद दिली. एवढे सारे बसवण्यासाठी व्हिल्नाचे पान मोडावे लागले. विज्ञानाचे शिक्षण या टिपांच्या नेमकेपणात दिसते. पण विवरणाचा स्वर शास्त्रज्ञाचा नाही, शेजारी बसलेल्या शिक्षकाचा आहे.

आक्षेप इथेच आले. पिढ्यान्‌पिढ्या विद्यार्थ्यांना पानावरची जागासुद्धा पाठ असे. ती जागा हलवणे अनेकांना परंपरेलाच धक्का वाटले. शिवाय जोडीदाराबरोबर घासाघीस करीत, चुकत अर्थ काढणे हेच येशिवात खरे शिक्षण मानले जाते, आणि तयार विवरणामुळे ही मेहनत टळते, अशीही तक्रार होती. ती तक्रार पोकळ नाही. मात्र ज्यांच्यापर्यंत येशिवा कधी पोचलीच नाही, त्यांच्यापुढे मेहनतीचे शिक्षण आणि सोपे शिक्षण असा पर्याय नव्हताच. त्यांच्यापुढे शिकणे किंवा न शिकणे एवढेच होते. १९८९ मध्ये विरोध तीव्र झाला. हारेदी या कट्टर सनातनी ज्यू समाजाचे ज्येष्ठ नेते रब्बी एलाझार शाख यांनी त्यांच्या लेखनाचा निषेध करून ते न वाचण्याचा आदेश दिला. रोष विशेषतः बायबलमधील व्यक्तींचे मानवी स्वभावाच्या अंगाने चित्रण करणाऱ्या पुस्तकावर होता. स्टाइनसाल्ट्स यांनी काही विधाने दुरुस्त करण्याची तयारी दाखवली, तालमूदचे काम मात्र थांबवले नाही. ते २०१० मध्ये, ४५ वर्षांनी, पूर्ण झाले आणि त्या वर्षीच्या ७ नोव्हेंबरला अनेक देशांतील ज्यू समुदायांनी सामूहिक अध्ययनाचा दिवस पाळला.

या काळात त्यांचे अध्यापन ग्रंथापुरते नव्हते. मेकोर हायीम या नावाने त्यांनी शाळा काढल्या आणि तेकोआ येथे येशिवा स्थापन केली. १९८९ मध्ये, सोव्हिएत राजवट अजून उभी असताना, मॉस्कोत सोव्हिएत विज्ञान अकादमीचे उपाध्यक्ष येव्हगेनी वेलिखोव्ह यांच्या पाठबळाने त्यांनी ज्यू अध्ययनाचे केंद्र सुरू केले. ज्या देशात हिब्रू शिकवणाऱ्यांना तुरुंगवास भोगावा लागला होता, तिथे उघडपणे तालमूदचा वर्ग भरणे ही त्या पिढीला अपूर्वाईची गोष्ट होती. पुढे रशियातील ज्यूंनी त्यांना आध्यात्मिक गुरूची पदवी दिली. हाबाद पंथाचे सातवे गुरू मेनाखेम मेंडेल श्नेअरसन यांचे ते अनुयायी होते. एव्हन-इस्राएल हे हिब्रू आडनाव त्यांनी गुरूंच्या सूचनेवरूनच घेतले. हाबादचा मूलग्रंथ ‘तान्या’ यावर त्यांनी विस्तृत भाष्य लिहिले आणि ‘द थर्टीन पेटल्ड रोझ’ या छोट्या पुस्तकात कब्बाला या ज्यू गूढविद्येतील विश्वकल्पना सामान्य वाचकासाठी मांडली. १९८८ मध्ये त्यांना इस्रायल पुरस्कार मिळाला. प्राचीन सर्वोच्च धर्मसभेच्या पुनरुज्जीवनाच्या प्रयत्नाचे प्रमुखपद त्यांनी २००५ मध्ये स्वीकारले आणि २००८ मध्ये सोडले. त्यांच्या कार्यात हा भाग लहानच ठरतो.

डिसेंबर २०१६ मध्ये पक्षाघाताने त्यांची वाणी गेली. आयुष्यभर बोलून शिकवणाऱ्या माणसाला आलेले हे मौन अखेरपर्यंत टिकले, तरी त्यांच्या देखरेखीखाली सुरू झालेली ग्रंथांची कामे पुढे चालू राहिली. जेरूसलेममध्ये त्यांचे निधन झाले आणि ऑलिव्ह पर्वतावरील दफनभूमीत त्यांना पुरण्यात आले. कोरेन या प्रकाशनसंस्थेने २०१२ पासून काढलेली त्यांच्या तालमूदची हिब्रू-इंग्रजी आवृत्ती ४२ खंडांची आहे. तिच्यात व्हिल्नाचे पारंपरिक पानही समाविष्ट केले आहे, त्यामुळे येशिवातला विद्यार्थी आणि घरी एकटा वाचणारा दोघेही तीच प्रत वापरू शकतात. तिचे इंग्रजी भाषांतर २०१७ पासून सेफारिया या संकेतस्थळावर विनामूल्य उपलब्ध आहे. त्यात तालमूदचे शब्द ठळक अक्षरांत आणि भाष्यकाराने जोडलेले शब्द साध्या अक्षरांत छापले आहेत, म्हणजे संहिता कुठे बोलते आणि शिक्षक कुठे बोलतो हे वाचकाला प्रत्येक ओळीत दिसते.