पॉवर प्रेसवरील हाताच्या दुखापती

पत्रा कापणे, वाकवणे किंवा त्याला भोक पाडणे अशी कामे करणाऱ्या यांत्रिक प्रेसच्या डायमध्ये, म्हणजे पत्र्याला आकार देणाऱ्या साच्यात, हात सापडून होणाऱ्या इजा. भारतात वाहनांचे सुटे भाग बनवणाऱ्या कारखान्यांत त्या मोठ्या प्रमाणावर घडतात. गुरुग्राम-मानेसर, फरिदाबाद आणि पुण्याजवळचा पिंपरी-चिंचवड, भोसरी, चाकण हा पट्टा यासाठी ओळखला जातो. सर्वांत जास्त धोका जॉबवर्क, म्हणजे दुसऱ्या कारखान्याचे काम करून देण्यासाठी, घेणाऱ्या छोट्या शेडमध्ये, ठेकेदारामार्फत आलेल्या कामगाराला असतो. हेल्पर म्हणून भरती झालेल्या मुलालाच पुष्कळदा प्रेसवर बसवले जाते.

जुन्या प्रेसमध्ये बहुधा की-क्लच, म्हणजे चावीने जोडला जाणारा क्लच, असतो. पायडल दाबले की चावी फिरते, फ्लायव्हील (सतत फिरणारे जड चाक) क्रँकशाफ्टला (रॅम हलवणाऱ्या दांड्याला) जोडले जाते आणि रॅम, म्हणजे वरून दाबणारा भाग, खाली येतो. सुटलेला स्ट्रोक मध्येच थांबवता येत नाही. चावी किंवा तिची स्प्रिंग झिजली असेल तर पायडल न दाबताही रॅम पुन्हा खाली येतो. हा ‘डबल स्ट्रोक’. तयार जॉब (घडवलेला तुकडा) काढायला ऑपरेटरचा हात नेमका तेव्हाच डायमध्ये गेलेला असतो. अशा अपघातावर ‘कामगाराचा निष्काळजीपणा’ असा शिक्का मारणे अन्यायाचे आहे. की-क्लचवर प्रकाशपडद्याचा सेन्सर लावूनही भागत नाही, कारण हात आडवा आल्याचे कळले तरी रॅम अडवणारे काही नसते. त्यासाठी घर्षण क्लच आणि ब्रेक लागतो. जुन्या मशीनवर डायभोवती पक्के गार्ड आणि जॉब उचलायला चिमटा किंवा चुंबक हाच खरा उपाय. दोन हातांनी दाबायची बटणे असतात तिथेही टार्गेट गाठण्यासाठी त्यांतले एक कायमचे दाबून ठेवल्याचे आढळते.

तुटलेले बोट ओल्या स्वच्छ कापडात गुंडाळून, पिशवीत बंद करून ती पिशवी बर्फावर ठेवायची असते. बोट थेट बर्फात घालू नये. मात्र प्रेसखाली बोट चिरडते. रक्तवाहिन्या धारदार पात्याने कापल्यासारख्या नीट राहत नाहीत, म्हणून ते पुन्हा जोडणे बरेचदा शक्य होत नाही. जखम भरल्यावरही सांधे आखडतात, थंडीत हात ठणकतो, नसलेले बोट दुखत राहते.

भरपाईसाठी 1923 च्या कर्मचारी भरपाई कायद्यातील परिशिष्टात, कोणता अवयव गेल्यास कमाईची क्षमता किती टक्के घटली असे धरायचे, ते ठरवलेले होते: अंगठा 30, तर्जनी 14, मधले बोट 12, अनामिका किंवा करंगळी प्रत्येकी 7. पंचवीस वर्षांच्या, दरमहा 15,000 रुपये मिळवणाऱ्या कामगाराची तर्जनी गेली, तर पगाराच्या 60 टक्के म्हणजे 9,000 गुणिले वयाचा गुणांक 216.91, आणि त्याचे 14 टक्के, म्हणजे सुमारे 2 लाख 73 हजार रुपये होत. उरलेले सारे आयुष्य त्या हातानेच कमवायचे असताना ही रक्कम तुटपुंजी आहे. 1975 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने, डावा हात कोपराच्या वर कापावा लागलेल्या एका सुताराला पूर्ण अपंगत्वाची भरपाई मंजूर केली, कारण एका हाताने सुतारकाम होत नाही. नोव्हेंबर 2025 पासून जुन्या कायद्यांची जागा सामाजिक सुरक्षा संहितेने घेतली आहे.

ईएसआय, म्हणजे कर्मचारी राज्य विमा योजनेखालील कामगाराला ही एकरकमी भरपाई मिळत नाही. त्याऐवजी उपचार चालू असताना सरासरी मजुरीच्या 90 टक्के, आणि पुढे वैद्यकीय मंडळाने ठरवलेल्या टक्क्यांनुसार आयुष्यभर पेन्शन मिळते. कामावरच्या इजेसाठी हे संरक्षण पहिल्या दिवसापासून असते. प्रत्यक्षात अनेकांची नोंदणी अपघातानंतर घाईघाईने केली जाते आणि पगारही कमी दाखवला जातो. पेन्शन त्यावरूनच ठरत असल्याने तो तोटा जन्मभराचा होतो. म्हणून अपघाताच्या अहवालाची प्रत, हजेरी आणि पगाराचा पुरावा जखमीच्या घरच्यांनी पहिल्याच आठवड्यात हाती घ्यावा. मानेसरमध्ये ‘सेफ इन इंडिया’ ही संस्था अशा कामगारांना दाव्यांसाठी मदत करते.

बरे होऊन परतलेल्याला बहुधा झाडलोट किंवा पॅकिंगचे काम मिळते, तेही ठेकेदाराच्या मर्जीवर. अंगठा गेला असेल तर रेशन दुकानातल्या मशीनवर दुसऱ्या बोटाचा ठसा द्यावा लागतो, आणि तो जुळेलच असे नाही. आधारमध्ये बुबुळांवरून ओळख पटवण्याची सोय असली तरी दुकानात तसे यंत्र असावे लागते.