पेरेंट-चाइल्डची पार्श्वभूमी: चित्ररथापासून लेझीमपर्यंत

बेळगावच्या शिवजयंतीतला एखादा चित्ररथ थ्रीडीत उभा करायचा म्हटलं, की आधी ठरवावं लागतं कोण कोणाला जोडायचं. ट्रॅक्टर पुढे सरकला की ट्रॉली सरकली पाहिजे, ट्रॉलीवरचा बुरूज, बुरुजावरचा मावळा, त्याचा दंड, मनगट, मुठीतली तलवार, सगळंच. ब्लेंडर या थ्रीडी सॉफ्टवेअरमध्ये आधी चाइल्ड (मागोमाग जाणारी वस्तू) निवडायचा, मग पेरेंट (जिच्यामागे ती जाते), आणि कंट्रोल-पी. क्षणाचं काम. त्यामागची खटपट मात्र जुनी आहे, आणि तिची सुरुवात ॲनिमेशनसाठी झालीच नव्हती.

एक धागा यंत्रांचा. 1955 मध्ये डेनाविट आणि हार्टेनबर्ग या अमेरिकेत काम करणाऱ्या दोघा अभियंत्यांनी घेतलेला प्रश्न बेळगावच्या उद्यमबाग औद्योगिक वसाहतीतल्या कुठल्याही फिटरला कळेल असा होता: सांध्यांनी जोडलेल्या दांड्यांपैकी एक एवढी फिरली, तर बाकीच्या कुठे जातील? त्यांनी प्रत्येक सांध्याला चार आकडे दिले, त्यांतून 4×4 चा मॅट्रिक्स (आकड्यांचा चौकोनी तक्ता) मांडला आणि सांध्यामागून सांधा गुणत गेले. ती चार आकड्यांची रीत पुढे रोबोटवाल्यांनी उचलली. गुणाकाराचं तत्त्व मात्र ॲनिमेशनमध्येही तेच आहे. तलवारीची जागा फक्त मुठीच्या हिशेबाने लिहिलेली असते. ट्रॅक्टर कुठल्या गल्लीत आहे याचा तिला पत्ताही नसतो. पडद्यावर काढायच्या वेळी मुळापासूनचे सगळे मॅट्रिक्स गुणले, की तिची खरी जागा मिळते.

दुसरा धागा चित्रांचा. 1963 मध्ये इव्हान सदरलँड यांनी अमेरिकेतल्या एमआयटीत स्केचपॅड हा प्रबंध सादर केला. टीएक्स-2 या संगणकाच्या पडद्यावर प्रकाशलेखणीने मूळ आकृती काढायची, तिच्या हव्या तेवढ्या प्रती मांडायच्या, त्या प्रतींची मिळून नवी आकृती करायची, तिच्या पुन्हा प्रती. मूळ आकृतीत बदल केला की सगळ्या प्रतींत तो आपोआप उतरायचा. मुख्य हेतू होता श्रम वाचवण्याचा. हालचाल हा मुख्य विषय नव्हता, पण आकृतीच्या पोटात आकृती ठेवण्याची सोय इथून रुळली.

पुढे सदरलँड युटा विद्यापीठात गेले आणि 1970 च्या दशकात तिथल्या विद्यार्थ्यांनी हे क्षेत्र अक्षरशः उभं केलं. एड कॅटमुल यांनी 1972 मध्ये स्वतःच्या हाताच्या साच्यावरून बोटं मिटणारा हात पडद्यावर आणला. तिथलेच जेम्स क्लार्क यांनी 1976 मध्ये अख्खं दृश्य झाडासारखं मांडण्याचा विचार लिहिला. त्यामागचा एक हेतू असा, की नजरेआड असलेली फांदी संगणकाने काढतच बसू नये. याच क्लार्कनी पुढे सिलिकॉन ग्राफिक्स काढली, आणि त्या कंपनीच्या लायब्ररीतून 1992 मध्ये ओपनजीएल, म्हणजे प्रोग्रॅममधून चित्र काढायच्या आज्ञांचा संच, आलं.

इथे गोष्ट आमच्याकडे पोचते. व्हीटीयूचं (विश्वेश्वरय्या तंत्रज्ञान विद्यापीठाचं) मुख्यालय बेळगावातच, 1998 पासून. आणि त्या विद्यापीठाच्या कॉम्प्युटर सायन्सवाल्यांना सीजी (कॉम्प्युटर ग्राफिक्स) लॅब आणि ओपनजीएलचा मिनी प्रोजेक्ट कित्येक वर्षं चुकला नाही. पुशमॅट्रिक्सने आताचा मॅट्रिक्स चळतीवर जपून ठेवा, हात काढा, पॉपमॅट्रिक्सने तो परत आणा. खानापूर-निपाणीकडच्या मराठी शाळेतून आलेल्या कितीतरी पोरांनी पवनचक्की फिरवता फिरवता ही पेरेंट-चाइल्डची उतरंड शिकून घेतली, नावाचा अर्थ कुणी सांगितला असो वा नसो. नव्या ओपनजीएलच्या मूळ गाभ्यातून 2009 मध्ये ही मॅट्रिक्सची चळत काढून टाकली. हिशेब आता ज्याचा त्याने ठेवायचा.

उतरंडीची खरी अडचण दिसते ती मावळा चालायला लागल्यावर. सांगाड्याचं मूळ कमरेत. कंबर पुढे गेली की पायही पुढे जातो, त्यामुळे जमिनीवर टेकलेलं पाऊल घसरतं. वरून खाली हिशेब केला तर हे होणारच. 1985 मध्ये मायकल जिरार्ड आणि अँथनी मॅचिएव्हस्की यांनी चालत्या आकृत्यांसाठी उलटा हिशेब मांडला: पाऊल इथेच राहणार, गुडघा किती वाकवायचा ते संगणकाने काढावं. हीच आयके, म्हणजे इन्व्हर्स किनेमॅटिक्स. रोबोटशास्त्राकडून घेतलेली, म्हणजे पहिलाच धागा पुन्हा कामी आला.

तरीही एक गाठ उरते. झाडात प्रत्येकाला पेरेंट एकच. आता मिरवणुकीतली लेझीम घ्या. दांडा एका हातात, साखळीची मूठ दुसऱ्या हातात. छाती, डावा हात, दांडा, साखळी, मूठ, उजवा हात आणि परत छाती, असं हे वर्तुळच झालं. ब्लेंडर अशी जोडणी घेत नाही. फिरून पहिल्यावरच येणारा पेरेंट दिला की सरळ नकार देतं. मग दांडा डाव्या हाताचा चाइल्ड करायचा, मूठ उजव्याचा, आणि मधली साखळी कुणाच्याच पदरात पूर्णपणे न टाकता दांड्याकडून सुरू करून तिचं दुसरं टोक आयकेने मुठीकडे ओढून ठेवायचं. दोन्ही हात साखळीच्या लांबीपेक्षा जास्त फाकले तर मात्र टोक मुठीतून सुटतं, म्हणून हातांची हालचाल आधी बसवून घ्यावी आणि साखळी सगळ्यात शेवटी लावावी.