साइन बनवणाऱ्यांच्या हातात डिजिटल प्रिंटर आला कसा

साइनबोर्डचा छोटा धंदा सुरू करायचा म्हटलं की पहिला प्रश्न येतो कुठल्या कंपनीचं मशीन घेऊ, आणि मग सगळे स्पीड, रुंदी, डीपीआय (एका इंचात किती ठिपके) यांचे आकडे जुळवत बसतात. मला विचाराल तर कंपनी नंतर बघा, आधी शाई बघा. इको-सॉल्व्हेंट, लेटेक्स, यूव्ही ही शाईची जी नावं कानावर पडतात त्यात एक चांगलं, दुसरं त्याहून चांगलं असं काही नाहीये, आधीच्या शाईनं जो ताप दिला तो मिटवायला पुढची आली आणि येताना स्वतःचा वेगळा ताप घेऊन आली.

गंमत म्हणजे या धंद्यात कॉम्प्युटर आला तो शाईच्या वाटेनं नाहीच, ब्लेडच्या वाटेनं आला. जोसेफ गर्बर नावाचा माणूस, व्हिएन्नात जन्मलेला, नाझींपासून सुटून १९४० मध्ये अमेरिकेत पोचलेला, त्याच्या कंपनीनं आधी प्लॉटर (पेन फिरवून आकृत्या काढणारी मशीन्स) आणि कापड कापायची ऑटोमॅटिक मशीन्स बनवली आणि मग तीच अक्कल साइनकडे वळवली. (पायजम्याच्या इलॅस्टिकपासून मोजपट्टी बनवणारा म्हणून जो किस्सा सांगतात तो हाच.) १९८३ मध्ये त्यांचं साइनमेकर थ्री आलं. कीबोर्डवर मजकूर टाइप करायचा, मशीन व्हायनलमधून, म्हणजे मागे चिकट थर असलेल्या पातळ प्लास्टिकमधून, अक्षरं कापून देणार. ब्रश घेऊन हातानं अक्षरं काढणाऱ्या पेंटरचं काम एकदम धोक्यात आलं ते इथं. अर्थात कापून झालं म्हणजे काम संपलं असं नाही, चिमट्यानं अक्षरांच्या पोटातला व्हायनल एकेक करून उपसायचा, वरून ट्रान्स्फर टेप (अक्षरं उचलून नेणारा चिकट कागद) लावायचा, स्क्वीजीनं (सपाट पट्टीनं) दाबून बोर्डवर उतरवायचा, हे सगळं आजही तसंच चालतं आणि नवीन माणसाचा वेळ सगळ्यात जास्त यातच जातो.

पण कटरला रंग कुठे येत होता? ज्या रंगाचा रोल त्या रंगाचं अक्षर. फोटो पाहिजे, शेडिंग पाहिजे तर स्क्रीन प्रिंटिंग, आणि तिथं प्रत्येक रंगाची वेगळी स्क्रीन करावी लागते त्यामुळे एक-दोन बोर्डसाठी तो खर्च कधी निघतच नाही. नव्वदच्या सुमारास थ्रीएमची स्कॉचप्रिंट नावाची सिस्टीम होती, त्यात इलेक्ट्रोस्टॅटिक मशीननं टोनरचं चित्र खास कागदावर काढायचं आणि मग उष्णता आणि दाब देऊन ते व्हायनलवर चढवायचं, ट्रकच्या ट्रक त्यावर रंगले पण छोट्या दुकानाच्या आवाक्यातलं ते प्रकरण नव्हतं. छोट्यांसाठी पुढे गर्बरचंच एज मशीन आलं, रिबनवरचा रंग उष्णतेनं व्हायनलवर उतरवणारं. त्याच्या रोलला दोन्ही कडांनी भोकं असायची, प्रिंटरमधून काढलेला रोल कटरच्या दातांवर बसवला की प्रिंट आणि कट बरोबर जुळायचं. आज मशीनचा सेन्सर कोपऱ्यातले काळे मार्क वाचून हेच काम करतो. त्याआधीच पोस्टस्क्रिप्ट ही पान छापायला सांगणारी भाषा (१९८४) आणि इलस्ट्रेटर (१९८७), कोरलड्रॉ (१९८९) ही डिझाइनची सॉफ्टवेअर आली होती, त्यामुळे डिझाइन मशीनच्या कीबोर्डवरून उठून डेस्कटॉपवर गेलं आणि मध्ये डिझाइनचं प्रिंटरला कळणाऱ्या ठिपक्यांत रूपांतर करणारं रिप सॉफ्टवेअर आलं, जे आजही मशीनच्या कोटेशनमध्ये आहे की नाही हे लोक विचारायचं विसरतात.

इंकजेट, म्हणजे शाईचे बारीक थेंब उडवून छापणं, मुळात ऑफिससाठी वाढलं. कॅननच्या संशोधकाचा तापलेला सोल्डरिंग आयर्न १९७७ मध्ये शाईच्या सिरिंजला लागला आणि सुईतून शाई उडाली, त्यातून थर्मल हेड, म्हणजे उष्णतेनं शाई उडवणारा प्रिंटरचा भाग, आलं. एचपी साधारण तेव्हाच स्वतंत्रपणे तिथंच पोचली होती. एप्सननं दुसरी वाट धरली, उष्णतेऐवजी पिझो, म्हणजे वीज दिली की हलणारा क्रिस्टल शाईला ढकलतो. हा फरक नुसता पुस्तकी नाही. थर्मल हेडला अशी शाई लागते जी क्षणात उकळून बुडबुडा करेल, म्हणून ते बहुतेक पाण्याच्या शाईशीच जमवून घेतं, पिझोला शाई काय आहे याच्याशी फारसं देणंघेणं नाही. बाहेरच्या साइनसाठी सॉल्व्हेंट आणि यूव्ही मशीन्स पिझोवर उभी राहिली ती याचमुळे.

नव्वदच्या दशकात एनकॅड, एचपी वगैरेंची मोठी प्रिंटर्स दुकानांत आली पण शाई पाण्याची, आणि साध्या व्हायनलवर पाण्याची शाई म्हणजे अळवावरचं पाणी. मग वर कोटिंग दिलेलं महाग मटेरियल घ्या, लॅमिनेट करा (वर पारदर्शक थर चढवा), आणि डाय शाई, म्हणजे विरघळलेल्या रंगाची शाई, असेल तर तरीही उन्हात रंग उडालेला बघा. आतल्या पोस्टरसाठी, फोटोसाठी ती शाई आजही उत्तम आहे हे मात्र खरं.

बाहेरच्या कामाचा तिढा सॉल्व्हेंटनं, म्हणजे विरघळवणाऱ्या रसायनाच्या शाईनं, सोडवला. सॉल्व्हेंट पीव्हीसीचा (व्हायनलच्या प्लास्टिकचा) वरचा थर जरासा विरघळवतो आणि पिगमेंट, म्हणजे रंगाचे न विरघळणारे कण, त्यात रुतून बसतात, कोटिंगची गरजच उरत नाही. व्ह्यूटेकसारख्या कंपन्यांनी यावर होर्डिंगच्या आकाराची मशीन्स काढली, लांबून बघायचं असल्यानं थेंब मोठा असला तरी चालायचं. पण वास भयंकर, एक्झॉस्टशिवाय त्या खोलीत माणसानं बसू नये असा. मग २००० नंतर मिमाकी, रोलँड, मुतोह यांनी सौम्य सॉल्व्हेंटची, बारीक थेंबाची मशीन्स छोट्या दुकानात आणली, तेच इको-सॉल्व्हेंट. नावातल्या इकोवर फार जाऊ नका, वास कमी म्हणजे वाफ नाही असं नव्हे, हवा खेळती लागतेच. रोलँडनं प्रिंट आणि कट एकाच मशीनमध्ये १९९५ मध्येच पीएनसी-५००० मध्ये आणलं होतं, ते खरं रुजलं या इको-सॉल्व्हेंटच्या काळात. स्टिकर-लेबलवाल्यांना ते फार सोयीचं, पण एक गोष्ट कोणी सांगत नाही, मशीन कट करत असतं तेव्हा प्रिंट बंद असतं, त्यामुळे काम वाढलं की वेगळा कटर घ्यावाच लागतो.

या शाईची खरी कटकट प्रिंट बाहेर आल्यावर कळते. हात लावला तर सुकलेलं वाटतं पण आत सॉल्व्हेंट असतो, तो निघून जायला एक दिवस तरी द्यावा लागतो. रोल घट्ट गुंडाळून ठेवला तर तो निघत नाही. घाईत लॅमिनेट केलं की वाफ आत अडकते, चिकट थर मऊ पडतो आणि लावलेल्या स्टिकरच्या कडा वळायला लागतात, मग दोष लॅमिनेशनच्या रोलला दिला जातो.

एचपीनं २००८ मध्ये लेटेक्स जाहीर केलं ते बरंचसं याच जागेवर बोट ठेवून. शाई पाण्याचीच, पण त्यात पॉलिमरचे कण, मशीनमधला हीटर पाणी उडवतो आणि कण वितळून फिल्म बनते, प्रिंट निघाला की लगेच लॅमिनेशनला घ्या. हेड थर्मल, दुकानदार स्वतः बदलू शकतो असं. बदल्यात वीज जास्त खाते आणि पातळ मटेरियल गरमीनं ताणलं किंवा सुरकुतलं जातं.

यूव्हीचा रस्ता वेगळाच. इंका डिजिटलचं ईगल ४४ हे फ्लॅटबेड (सपाट टेबलावर बोर्ड ठेवून छापणारं मशीन) २००१ मध्ये आलं, शाई सुकवायचीच नाही, यूव्ही (अतिनील) दिव्याखाली जागच्या जागी घट्ट करायची, त्यामुळे अ‍ॅक्रिलिक, फोम बोर्ड, धातूचा पत्रा यांवर सरळ प्रिंट, मध्ये व्हायनल चिकटवायचं कामच वाचलं. सुरुवातीचे पाऱ्याचे दिवे तापायला वेळ घ्यायचे आणि मटेरियलही तापवायचे, एलईडीनं ते दुखणं संपवलं. पण शाई पृष्ठभागावर बसते, आत शिरत नाही, म्हणून वाकवायच्या किंवा ताणायच्या कामात, गाडीच्या रॅपमध्ये (गाडीवर गुंडाळून चिकटवायच्या प्रिंटमध्ये) वगैरे, कडक यूव्ही शाईला तडे जातात. शिवाय ओली यूव्ही शाई त्वचेला त्रास देते, ग्लोव्ह्ज घालूनच काम करायचं.

जुनं मशीन स्वस्तात मिळतंय म्हणून घेणारे बरेच असतात, आणि ते वाईटच असं नाही. फक्त बंद पडून राहिलेल्या सॉल्व्हेंट मशीनच्या हेडमध्ये शाई वाळून बसलेली असते, त्यामुळे विकणाऱ्यानं आधीच काढून ठेवलेला प्रिंट दाखवला तर त्यावर जाऊ नका, समोर नोझल चेक (हेडच्या सगळ्या छिद्रांतून शाई येते का हे दाखवणारा चाचणी प्रिंट) काढायला लावा, रेषा तुटलेल्या दिसल्या की क्लीनिंग करून परत काढा, तरी त्याच जागी तुटत असतील तर हेडची किंमत भावात धरूनच बोला. पांढऱ्या शाईचं मशीन असेल तर आणखी बारकाईनं बघा, त्यातला पांढरा रंग म्हणजे टायटॅनियम डायऑक्साइड, तो जड असतो, तळाशी बसतो, आणि रोज हलवलं-फिरवलं नसेल तर नळ्या आणि डॅम्परसुद्धा (हेडच्या अलीकडे शाई धरून ठेवणारे छोटे डबे) बदलावे लागतात.