मांडीच्या हाडात उतरलेली चाल

डोक्यावर चुंबळ, चुंबळीवर उसाची मोळी आणि पाय ट्रकला लावलेल्या अरुंद फळीवर. बीडहून ऊसतोडीला जाणाऱ्या बायका हंगामभर असं चढत असतात. चढताना दर पावलाला सगळा भार क्षणभर एकाच पायावर येतो, तरी मोळी ढळत नाही. या कसबाला कष्टांची जोड आहेच, पण त्याच्या तळाशी हाडांची फार जुनी घडण आहे.

आपल्या मांडीचं हाड खुब्यापासून गुडघ्याकडे येताना आत कलतं, साधारण दहा अंशांनी. खुबे एकमेकांपासून लांब, गुडघे मात्र जवळ. म्हणून एक पाय उचलला तरी टेकलेला पाय अंगाच्या भाराखालीच राहतो. चिंपांझीचं हेच हाड जवळजवळ सरळ असतं, त्यामुळे दोन पायांवर चालताना तो डावी-उजवीकडे डुलतो. कमरेच्या हाडातही तसाच फरक. त्याचं उंच आणि अरुंद, आपलं बुटकं, पसरट, बाजूंना वळलेलं. टेकलेल्या पायाच्या बाजूचे स्नायू त्यालाच धरून कंबर तोलतात. शिवाय आपल्या कवटीचं पाठीच्या कण्याकडे उघडणारं भोक मागे नसून तळाशी, मध्याजवळ आहे. डोकं कण्यावर तोललेलं, म्हणून त्यावर मोळीही तोलता येते.

१९७३ साली इथिओपियात हदार इथे अमेरिकी मानववंशशास्त्रज्ञ डोनाल्ड जोहान्सन यांना माणसाच्या एका प्राचीन नातलगाच्या गुडघ्याची हाडं सापडली, सुमारे ३४ लाख वर्षांपूर्वीची. पुढच्या वर्षी तिथेच मिळालेला तशाच एका जीवाचा, ‘ल्युसी’चा, सांगाडा जगभर गाजला, पण मला तो गुडघाच जास्त मोलाचा वाटतो. मांडीचं हाड त्यात आत कललेलं होतं. टांझानियात लेटोलीला सुमारे ३६ लाख वर्षांपूर्वीच्या ज्वालामुखीच्या राखेत उमटलेली, दोन पायांवर चालणाऱ्या अशाच जीवांची पावलंही आहेत, पावसानंतर आपल्या काळ्या रानात उमटावीत तशी. पण गुडघा त्याहून एक गोष्ट जास्त सांगतो.

हा कल जन्मतः नसतो. तान्ह्या बाळाचं मांडीचं हाड सरळच असतं. पांगुळगाडा धरून मूल उभं राहतं, पडतं, पुन्हा चालतं, आणि पावलापावलाच्या भाराने वाढतं हाड हळूहळू कलत जातं. ज्या मुलांना कधीच चालता येत नाही, त्यांच्यात तो कल येत नाही. म्हणजे हदारचा तो जीव नुसता मोठेपणीच कधीमधी दोन पायांवर उभा राहत होता असं नाही; लहानपणी, हाडं वाढत असतानाच, तो चालायला शिकला होता.