माशातले परजीवी आणि नदीचे पाणी : ‘निर्देशक’ या शब्दामागची पार्श्वभूमी

पुण्यात मुळा-मुठेच्या पाण्याचा विषय निघाला की बीओडीचा, म्हणजे पाण्यातली सेंद्रिय घाण कुजवायला लागणाऱ्या प्राणवायूचा, आकडा पुढे येतो. पण संगमावर भरलेली बाटली फक्त त्या घटकेचे पाणी सांगते. आदल्या रात्री नाल्यात काय ओतले गेले आणि पहाटे खडकवासला धरणातून विसर्ग वाढला का, हे तिला कळत नाही. मासा मात्र महिनोन्महिने त्याच पाण्यात असतो. त्याच्या कल्ल्यांवर नि आतड्यात राहणारे परजीवीही ते सारे सोसत असतात. त्यांच्याकडून नदीची तब्येत जाणून घेण्याची कल्पना इथून येते.

सजीवांवरून पाण्याची प्रत ठरवण्याची रीत जुनी आहे. सांडपाण्यात कोणते जीव तगतात याच्या याद्या जर्मनीत विसाव्या शतकाच्या पहिल्याच दशकात तयार झाल्या. माशांच्या परजीवींच्या बाबतीत मात्र या विचाराला खरा वेग आला तो १९९० च्या दशकात, आणि ‘निर्देशक’ या शब्दाचा घोळही तेव्हाचाच. आपल्याकडे ‘दर्शक’, ‘सूचक’, ‘निर्देशक’ असे तिन्ही शब्द चालतात, पण या एका नावाखाली दोन अगदी वेगळी कामे दडलेली आहेत.

पहिले काम परिणाम दाखवण्याचे. चिलापी (तिलापिया) माशाच्या कल्ल्याचे झाकण उचलावे, कमानीवरचा छोटा तुकडा काचपट्टीवर पाण्याच्या थेंबात ठेवावा आणि सूक्ष्मदर्शकाखाली पाहावे. ट्रायकोडिना हा एकपेशीय परजीवी असेल तर घड्याळाच्या चाकासारखी दातेरी चकती गरगर फिरताना दिसते. तिला दुसरा यजमान, म्हणजे आसरा देणारा जीव, लागत नाही. सांडपाण्याने मासा अशक्त झाला, पाण्यात जिवाणू वाढले की तिचे फावते. याउलट कित्येक पर्णकृमींना (पानासारख्या चपट्या कृमींना) आधी गोगलगाय, मग मासा, मग बगळ्यासारखा पक्षी असे तीन टप्पे लागतात. यातला एक दुवा तुटला की साखळीच संपते. म्हणून अनेक यजमान लागणारे परजीवी किती जातींचे आणि एकाच यजमानावर भागवणारे किती जातींचे, हे गुणोत्तर संशोधक पाहू लागले; पहिले घटले तर पाणी बिघडले, असा अंदाज. पण यालाही अपवाद निघाला. मिक्सोबोलस या सूक्ष्म परजीवींच्या गटातल्या एकाला टुबिफेक्स हा गाळातला तांबडा किडा यजमान म्हणून लागतो, हे १९८४ मध्ये उघड झाले. पुढे याच धर्तीची जीवनचक्रे त्या गटात आणखी सापडली. टुबिफेक्स तर मैलापाण्यातच माजतो. म्हणजे दोन यजमान लागूनही असा परजीवी घाणीत वाढू शकतो.

दुसरे काम साठवण्याचे, आणि माझ्या मते अधिक भरवशाचे. ॲकँथोसेफाला गटातल्या काटेरी सोंडेच्या कृमींना आतडेच नसते. ते सारे काही अंगाच्या कातडीतून शोषतात. माशाच्या शरीरातले शिसे पित्तातून आतड्यात उतरते आणि तिथे हे कृमी ते टिपून घेतात. युरोपातल्या चब माशात अशा एका कृमीतले शिसे यजमानाच्या स्नायूंपेक्षा सुमारे २७०० पट भरले. इथे कृमी किती सापडले याला महत्त्व नाही, त्यांच्या अंगात काय साठले आहे ते मोजायचे.

ही दोन कामे एकत्र कालवली की ‘जंत जास्त, म्हणून प्रदूषण जास्त’ असले निष्कर्ष निघतात. ते साफ चूक आहेत. निकोप नदीतल्या मरळीच्या पोटातही कृमी असतातच. उलट पार रिकामे आतडे सापडले, तर काळजी वाटायला हवी. महाराष्ट्रातले बरेच श्रम माशांतल्या पट्टकृमींच्या नव्या जाती नोंदवण्यात खर्ची पडले आणि त्यातल्या कित्येक नावांवर पुढे शंका घेतली गेली. नावच पक्के नसेल तर शहराच्या वरच्या आणि खालच्या पाण्याची तुलना कशाच्या आधारे करणार?

पुण्याची अडचण आणखी एक. इथल्या माशांची यादी १९४२ मध्ये छापली गेली, पण त्यानंतर मासेच बदलले. १९५२ मध्ये भारतात आणलेली चिलापी आता शहराखालच्या प्रवाहात ठाण मांडून आहे, खालच्या उजनी धरणातल्या जाळ्यांतही तीच. ती स्वतःचे कल्ल्यांवरचे कृमी बाळगते. परजीवी बदलले ते पाण्यामुळे की यजमान बदलल्यामुळे, हे वेगळे काढायचे तर खडकवासल्याच्या वरचा आणि संगमाखालचा एकाच जातीचा, एकाच आकाराचा मासा, तोही एकाच ऋतूत पकडलेला लागतो.

दुसरी वाट जुन्या बाटल्यांची. अमेरिकेतल्या प्युजेट साऊंडमधले १८८० ते २०१९ या काळातले जपून ठेवलेले मासे उघडून पाहिले, तेव्हा तीन किंवा जास्त यजमान लागणारे परजीवी घटत गेल्याचे दिसले. पण त्या घटीशी जुळला तो प्रदूषणाचा नव्हे, वाढत्या तापमानाचा आलेख. पुण्यातल्या संग्रहांतही नदीचे जुने मासे द्रवात बुडवून ठेवलेले आहेत. चिठ्ठीवर गाव आणि तारीख असेल, तर त्यांची पोटे अजून उघडता येतील.