पहाटे मेलेले मासे आणि विषाची अफवा

बडोद्यात एखाद्या तलावात सकाळी मासे उताणे तरंगताना दिसले की दांडिया बाजारापासून रावपुऱ्यापर्यंत एकच बोललं जातं: ‘रात्री कुणीतरी विष टाकलं.’ आसपासचे मत्स्यपालकही शेजाऱ्यावर संशय घेतात. असं कधी घडतही असेल, पण बहुतेक वेळा मासे गुदमरून मरतात.

३० अंश तापमानाच्या पाण्यात एका लिटरमध्ये जेमतेम साडेसात मिलिग्रॅम प्राणवायू मावतो. हिरवंगार शेवाळ दिवसा तो तयार करतं. रात्री मात्र मासे, शेवाळ, तळाचा गाळ सगळेच तो वापरतात. म्हणून सूर्योदयाच्या जरा आधी पातळी सर्वांत खाली जाते. ढगाळ दिवसानंतर तर फारच.

मेलेले मासे नीट पाहा. मोठे कटला-रोहू आधी गेले, तोंडं उघडी, आणि हवेतून श्वास घेऊ शकणारा मागूर जिवंत? मग प्राणवायूच संपला होता. विष सहसा मागूरलाही सोडत नाही.

एरेटर, म्हणजे चाकाने पाणी ढवळून त्यात हवा मिसळणारं यंत्र, भर दुपारी चालवून रात्री बंद ठेवण्याची सवय इथेच घात करते. हवेतला प्राणवायू पाण्यात शिरण्याचा वेग पाण्यातल्या तुटीवर ठरतो. दुपारी शेवाळामुळे पाण्यात मावतो त्याहूनही जास्त प्राणवायू अनेकदा आधीच भरलेला असतो. तेव्हा चाक फिरवलं तर प्राणवायू उलट बाहेर पडतो. तेच यंत्र मध्यरात्रीपासून उजाडेपर्यंत चालवा. मासे पृष्ठभागावर येऊन तोंड उघडझाप करू लागले, तर त्या दिवशी खाद्यही बंद ठेवा.