हृदयाची ‘नस’: ठोका आधी, मज्जातंतू नंतर

ठाण्यात नौपाड्यातल्या एका दवाखान्यात ९ वर्षांच्या मुलाचा ईसीजी निघाला. कागद सेकंदाला २५ मिलिमीटर सरकतो. मुलगा श्वास घेई तेव्हा दोन ठोक्यांत १५ मिलिमीटर अंतर, सोडी तेव्हा २१; म्हणजे श्वास घेताना ठोके जलद, सोडताना संथ. आईने घाबरून विचारलं, “नस ब्लॉक आहे का हो?” नव्हती. श्वासागणिक अशी लय बदलणं मुलांमध्ये निरोगीपणाचंच लक्षण. मेंदूकडून आलेला व्हेगस मज्जातंतू ते घडवतो.

गोंधळ शब्दातच आहे. सलाईन लावताना सापडत नाही ती नस, कमरेत दबते ती नस आणि पोटरीत चढते तीही नस. पहिली रक्तवाहिनी, दुसरी मज्जातंतू, तिसरा तर आखडलेला स्नायू. हृदयाची नस म्हटलं की रक्तवाहिनीच डोळ्यांपुढे येते. पाठ्यपुस्तकातला ‘चेता’ हा नेमका शब्द दवाखान्याच्या बाकापर्यंत पोचलाच नाही, याची मला खरोखर खंत वाटते.

व्हेगसला विजेने चेतवलं की हृदय मंदावतं, हे १८४५ मध्ये दिसलं. मग ठोका मज्जातंतू देतात की स्नायू स्वतःच, यावर वाद रंगला. १९०७ साली सायनस नोड, म्हणजे हृदयाच्या स्नायूतच ठोका सुरू करणारा पेशींचा पुंजका, सापडला आणि पारडं स्नायूकडे झुकलं. ते बरोबरच होतं: गर्भात साधारण २२व्या दिवशी हृदय धडधडू लागतं, तेव्हा तिथे एकही मज्जातंतू पोचलेला नसतो. पण त्या निकालानंतर मज्जातंतू म्हणजे नुसता लगाम, असं मानलं गेलं. ते हृदयात कुठे, किती दाट रुजतात, याकडे फार उशिरा लक्ष गेलं.

वेग वाढवणारे अनुकंपी तंतू हृदयाच्या बाहेरच्या थरात दाट असतात, आत विरळ. आतल्या थरातलं एक प्रथिन त्यांना दूर ठेवतं. २००७ साली प्रसिद्ध झालेल्या प्रयोगांत हे प्रथिन नसलेल्या उंदरांचे ठोके मंदावले, आणि ज्यांच्या हृदयात ते जास्त तयार केलं त्यांची लय बिघडून काही अचानक दगावले. स्नायू तोच, मांडणी तेवढी चुकलेली.

मोठ्या माणसातही ही रुजवण थांबत नाही. अँजिओप्लास्टी होते, “नस उघडली” म्हणून घरचे निर्धास्त होतात. त्याच आठवड्यांत हृदयविकाराच्या झटक्याने पडलेल्या व्रणाभोवती अनुकंपी तंतू नव्याने, वेडेवाकडे फुटत असू शकतात, आणि घातक लय तिथूनच सुरू होऊ शकते. घरी दिलेली बीटा ब्लॉकरची गोळी याच तंतूंचा जोर रोखते.